छोटी लाईन : अडीच फुटी संस्थेचा इतिहास

पूर्व विदर्भातल्या ब्रह्मपुरीवरून आज कोरबा–यशवंतपूर वैनगंगा एक्सप्रेस जाते, बिलासपूरहून चेन्नईला निघालेली गाडी जाते, आणि मधल्या वेळेत लांबच लांब मालगाड्या खडखडत जातात. ज्या वाटेने त्या जातात ती वाट मुळात त्यांच्यासाठी काढलेली नव्हती. ती काढली होती एका बुटक्या, सावकाश चालणाऱ्या गाडीसाठी. तिच्या दोन रुळांमधलं अंतर होतं अडीच फूट, म्हणजे ७६२ मिलिमीटर. आजच्या ब्रॉड गेजचं अंतर १६७६ मिलिमीटर, दुपटीहूनही जास्त. रेल्वेच्या कागदांवर तिला नॅरो गेज म्हणत. गोंदियापासून चांद्यापर्यंत (आजचं चंद्रपूर) आणि नागभीडपासून नागपूरपर्यंत ती छोटी लाईन होती आणि तिच्यावरची ती छोटी गाडी.

संस्थेचा इतिहास म्हटला की स्थापनेचा दिवस, संस्थापकांचा हार घातलेला फोटो, पहिली कार्यकारिणी, इमारत निधी आणि देणगीदारांची यादी हा क्रम ठरलेला असतो. छोट्या लाईनला या साच्यात बसवणं अवघड आहे. तिचे संस्थापक दूरच्या कचेऱ्यांत बसलेले कंपनीवाले होते आणि ब्रह्मपुरीला त्यांचा फोटो कधी लागला नाही. तिची इमारत म्हणजे स्टेशनं, फाटकं, पूल आणि गँगमनच्या खोल्या, त्याही शेकडो किलोमीटरवर पसरलेल्या. सभासद दोन प्रकारचे, तिकीट काढलेले आणि न काढलेले. तरी ती संस्थाच होती. बाजाराचे दिवस तिने सोयीचे केले, धानाला गिऱ्हाईक मिळवून दिलं, वैनगंगेच्या अल्याड-पल्याडची सोयरीक सोपी केली, आणि ज्या मुलखात करमणुकीसाठी कायमचा बगीचा-पाळणा नव्हता तिथे दोन पिढ्यांच्या पोट्ट्यांना गंमत म्हणून बसायला एक गाडी दिली. या शेवटच्या कामाची नोंद तिच्या कुठल्याही अहवालात नाही. आठवणीत मात्र तेच काम सगळ्यांत जास्त टिकलं आहे.

सुरुवात गोंदियापासून करावी लागते. नागपूर ते राजनांदगाव हा मीटर गेज रस्ता सरकारने १८८० च्या आसपास घातला. छत्तीसगडचं धान बाहेर काढायला आणि दुष्काळात धान्य आत न्यायला तो हवा होता. १८८७ साली बंगाल नागपूर रेल्वे कंपनी उभी राहिली. तिने तो रस्ता ताब्यात घेतला, रुंद केला आणि कलकत्त्याच्या दिशेने वाढवला. गोंदिया या मोठ्या लाईनवर आलं. पण मोठ्या लाईनच्या दोन्ही बाजूंचा मुलूख होता तसाच राहिला. उत्तरेला सातपुड्याचं रान, दक्षिणेला तलावांचा, धानाच्या बांध्यांचा आणि सागाचा झाडीपट्टीचा पट्टा. १८९६–९७ चा दुष्काळ आणि त्यामागोमाग आलेला छप्पन्याचा दुष्काळ यांनी मध्य प्रांत हादरून गेला होता. जिथे रेल्वे होती तिथे धान्य पोचत होतं, जिथे नव्हती तिथे बैलगाडीवर भिस्त होती.

रान मोठं, माणसं विरळ, माल हंगामी. अशा मुलखात मोठी लाईन घालणं कंपनीला परवडणारं नव्हतं. त्यावर उपाय महाराष्ट्रातच तयार होता. एव्हरार्ड कॅलथ्रॉप नावाच्या इंग्रज अभियंत्याने बार्शी लाईट रेल्वे १८९७ साली सुरू केली होती. त्याचं म्हणणं साधं होतं: रुळावर ओझं किती पडतं हे डब्याच्या एकूण वजनावर नाही, एकेका आसावर येणाऱ्या वजनावर ठरतं. प्रत्येक आसावर पाच टनांपेक्षा जास्त भार येऊ द्यायचा नाही, मग रूळ हलके चालतात, पूल हलके चालतात आणि अडीच फुटांची लाईनही चांगला माल ओढते. पंढरपूरच्या वारकऱ्यांना ज्या गाडीने वर्षानुवर्षं नेलं तिच्या मागे हा हिशेब होता. अडीच फुटी रुळांना पुढे देशभर जी मागणी आली, तिच्यात बार्शीचा वाटा मोठा आहे. विदर्भातली मूर्तिजापूर–यवतमाळ ‘शकुंतला’ही याच मापाची.

बंगाल नागपूर रेल्वेने गोंदियाहून उत्तरेला नैनपूरमार्गे जबलपूरपर्यंत अडीच फुटी लाईन नेली; १९०५ पर्यंत ती पुरी झाली. मग दक्षिणेची पाळी आली. अर्जुनी, वडसा, ब्रह्मपुरी असं करत १९०८ साली रूळ नागभीडला टेकले. नागपूरहून उमरेड-भिवापूरवरून येणारा फाटाही त्याच सुमारास नागभीडला येऊन मिळाला. पुढे लाईन मूलवरून चांद्याला गेली आणि किल्ल्यापाशी थांबली. म्हणून तिथल्या स्टेशनचं नाव चांदा फोर्ट. गावाचं चंद्रपूर होऊन साठेक वर्षं झाली, वर्धा–बल्लारशाह मार्गावरच्या दुसऱ्या स्टेशनानेही चंद्रपूर हे नाव घेतलं, पण बंगाल नागपूर रेल्वेचं हे स्टेशन चांदा फोर्टच राहिलं. एका गावात दोन कंपन्यांची दोन स्टेशनं, आणि एकीच्या गाडीतून उतरलेल्याने दुसरीची गाडी गाठायला टांगा करायचा, हा विसाव्या शतकाच्या सुरुवातीचा खास रेल्वे प्रकार चांद्यानेही अनुभवला.

मालक बदलत गेले. १ ऑक्टोबर १९४४ रोजी बंगाल नागपूर रेल्वे सरकारने आपल्याकडे घेतली. १९५२ साली ती पूर्व रेल्वेत गेली, १९५५ साली दक्षिण पूर्व रेल्वेत आणि २००३ साली बिलासपूरला मुख्यालय असलेल्या दक्षिण पूर्व मध्य रेल्वेत. ब्रह्मपुरीच्या प्रवाशाच्या दृष्टीने या सगळ्याचा अर्थ एवढाच, की पाटीचा रंग आणि तक्रारीचा पत्ता बदलला.

गाडीकडे यावं. सुरुवातीच्या काळात या रुळांवर वाफेची इंजिनं होती. बंगाल नागपूर रेल्वेने १९०६ पासून पुढच्या दोन-तीन वर्षांत ग्लासगोच्या नॉर्थ ब्रिटिश कारखान्यातून सीसी वर्गाची इंजिनं आणवली. पुढे चार छोटी चाकं, मधे सहा मोठी, मागे दोन, अशी त्यांची ठेवण. लहान मापाच्या रुळावर एवढं लांब इंजिन दिमाखदार दिसायचं आणि ते टिकलंही फार. त्यांची दुरुस्ती नागपूरच्या मोतीबागेतल्या कारखान्यात होई. नंतर झेडडीएम वर्गाची डिझेल इंजिनं आली आणि डोळ्यांत जाणारी कोळशाची कणी तेवढी कमी झाली.

डबा असा, की उंच माणसाने आत शिरताना मान खाली घालावी. समोरासमोर बसलं की गुडघ्याला गुडघा लागे, मधे कोणाचं तरी बोचकं, बोचक्यावर कोणाचं तरी पोरगं. खिडकीतून हात बाहेर काढला तर रुळाकडेच्या झुडपाचा पाला हाताला लागे. म्हणून तर आया हात आत ओढून घ्यायच्या. अडीच फुटी रुळाला मोठ्या रुळापेक्षा कितीतरी आवळ वळण चालतं. डोंगर कापायचा नाही, टेकडीला वळसा घालायचा, तलाव दिसला की त्याच्या पाळीखालून जायचं, हा खर्च वाचवण्याचा मार्ग. त्याचा परिणाम प्रवाशाला असा मिळे, की शेवटच्या डब्यातल्या पोराला खिडकीतून आपलंच इंजिन समोर वळताना दिसे. वळणावर डबा एका अंगाला कले, बाकावरची माणसं एकमेकांवर रेलत, आणि उलट वळण आलं की सगळी पुन्हा दुसरीकडे. गाडीचा वेग बेताचाच. पण रूळ हलका, डबा अरुंद आणि जमीन हाताच्या अंतरावर, त्यामुळे होता त्याच्या दुप्पट वाटायचा.

सगळ्यांत मोठा थरार वैनगंगेचा. वडसा ते ब्रह्मपुरी हे अंतर थोडंच आहे, पण मधे ही नदी आहे. आज ती गडचिरोली आणि चंद्रपूर या दोन जिल्ह्यांची हद्द. २६ ऑगस्ट १९८२ रोजी गडचिरोली जिल्हा होईपर्यंत दोन्ही काठ एकाच जिल्ह्यात होते. पुलावर चढताना गाडीचा आवाज एकदम बदलायचा. भरावावरची घरघर थांबून लोखंडाचा पोकळ दणदणाट सुरू व्हायचा. अरुंद डब्यातून खाली पाहिलं तर रुळाची बाजू दिसतच नसे, सरळ पाणीच दिसे: चैत्र-वैशाखात वाळूमधून सरपटणारी बारीक धार, श्रावणात काठ दिसेनासा करणारा गढूळ पसारा. म्हाताऱ्या बाया हात जोडून नदीत पैसा टाकत. पोट्टे ओरडत, कारण पुलावर ओरडलं की आवाज घुमतो. पूल संपला की डब्यात क्षणभर सगळे गप्प, मग हशा.

छोट्या गाडीबद्दल एक गोष्ट जगातल्या कितीतरी नॅरो गेज मार्गांवर सांगतात, ती इथेही सांगतात. चढावर गाडी इतकी ढिली पडायची म्हणे, की पोट्टे खाली उतरून बोरं, चारं, टेंभरं वेचायचे आणि मागच्या डब्यात पुन्हा चढायचे. ही गोष्ट यवतमाळला शकुंतलेबद्दल ऐकायला मिळते, बार्शीला बार्शी लाईनबद्दल. सांगणारा जितका म्हातारा तितका गाडीचा वेग कमी होत जातो, हे लक्षात ठेवून ती ऐकावी.

गर्दीचा खरा हंगाम दिवाळीनंतरचा. भाऊबीज झाली की झाडीपट्टीत मंडया सुरू होतात. गावोगावी दिवसा बाजार आणि पाळणे, रात्री दंडार, खडी गंमत, आणि पुढे पुढे नाटक. धान कापून होत आलेलं, हातात चार पैसे, लेकी-जावई, व्याही-विहिणी घरी आलेले. उपवर मुला-मुलींची पाहणी मंडईतच उरकून घ्यायची रीत. वडसा हे झाडीपट्टी रंगभूमीचं माहेरघर झालं. नाटक मंडळ्यांची कार्यालयं तिथे थाटली गेली आणि रात्री दहाला सुरू होऊन उजाडेपर्यंत चालणाऱ्या नाटकांच्या तारखा तिथे ठरू लागल्या. वडशाला स्टेशन होतं ही गोष्ट यात लहान नाही. गडचिरोली जिल्ह्यात रेल्वेचं स्टेशन म्हणून जे काही होतं ते वडसाच. आतल्या सगळ्या मुलखाला बाहेरच्या जगाची गाडी इथेच मिळायची. रात्रभर नाटक पाहून डोळे चोळत पहाटेच्या गाडीत चढणारे प्रेक्षक हा या लाईनचा कायमचा गिऱ्हाईक वर्ग होता.

कंपनीने मात्र लाईन प्रेक्षकांसाठी घातली नव्हती. तिचं पोट मालावर भरे. साग आणि इमारती लाकूड, बांबू, तेंदूपत्ता, मोह, लाख आणि सगळ्यांत वर धान. गोंदिया विडीच्या कारखान्यांसाठी नावाजलेलं. पानं जंगलातली, ती रस्त्यापेक्षा रुळाने स्वस्त पडत. वडसा, ब्रह्मपुरी, नागभीड, मूल या पट्ट्यात भातगिरण्या उभ्या राहिल्या. मुलखात पक्के रस्ते थोडे आणि पावसाळ्यात नाल्यांवरून बैलगाडी नेणं जिकिरीचं, त्या काळात ही लाईन म्हणजे बाराही महिने चालणारा एकमेव रस्ता होता. रस्ते झाले, एसटी आली, ट्रक आले, तसा माल रुळावरून उतरत गेला. गोंदियाला किंवा नागपूरला पोचलेला माल मोठ्या लाईनच्या वॅगनीत पुन्हा चढवायचा, म्हणजे हमाली दुप्पट, फूटतूट दुप्पट, वेळ दुप्पट. छोट्या लाईनला खरं मारलं ते या चढ-उतार हमालीने. वेग, आराम वगैरे नंतरच्या गोष्टी.

मालासाठी घातलेली लाईन गंमतीची गाडी कशी होते हे पाहायला इथे थोडं लांब जावं लागेल, अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनियापर्यंत. तिथे मॉक चंक नावाच्या गावाशेजारी डोंगरावर कोळशाची खाण होती. १८२७ साली खाण कंपनीने डोंगरावरून खाली कालव्यापर्यंत सुमारे चौदा किलोमीटरचे रूळ घातले. कोळशाने भरलेल्या गाड्या उताराने आपोआप खाली येत. रिकाम्या गाड्या वर ओढायला खेचरं. तीही उतरताना गाडीत बसून यायची. या सवयीची खेचरं नंतर पायी उतरायला तयार होईनात, असं तिथले लोक सांगत. पुढे कंपनीने परतीसाठी वेगळा रस्ता केला: डोंगराच्या धारेवर वाफेची स्थिर इंजिनं बसवली, ती गाडीला वर खेचत आणि तिथून गाडी गुरुत्वाकर्षणावर धावत सुटे. चढताना दोर तुटला तर गाडी मागे घसरू नये म्हणून रुळालगत दातेरी पट्टी बसवली होती. गाडीखालचा खटका त्या दातांवरून कट-कट-कट वाजत जाई. १८७२ साली कोळशासाठी बोगद्यातून दुसरा रस्ता निघाला आणि ही लाईन धंद्याच्या दृष्टीने निरुपयोगी झाली.

कंपनीने ती उखडली नाही. तिने तिकिटं लावली. पुढची साठेक वर्षं माणसं फक्त उतारावरून सुसाट येण्यासाठी मॉक चंकला जात राहिली, आणि १९३३ साली मंदीच्या काळात ती लाईन बंद झाली. लामार्कस थॉम्सन याने १८८४ साली न्यूयॉर्कजवळच्या कोनी आयलंडवर लाकडी चढ-उतारांची ‘स्विचबॅक रेल्वे’ उभारली, तिकीट पाच सेंट. मॉक चंकच्या लाईनचंही नाव स्विचबॅकच होतं, आणि थॉम्सनला कल्पना तिथूनच सुचली असं सर्रास मानलं जातं. करमणुकीच्या बागांतल्या रोलर कोस्टरचा खरा धंदा थॉम्सनपासून सुरू झाला. आजही बऱ्याच मोठ्या रोलर कोस्टरवर पहिल्या चढाला खालून जी कट-कट ऐकू येते, ती मागे न घसरण्याच्या त्याच दातेरी पट्टीची.

म्हणजे रोलर कोस्टर ही मुळात निवृत्त झालेली रेल्वे. भारतात ती उशिरा आली. दिल्लीचं अप्पू घर १९८४ साली उघडलं आणि २००८ साली बंद झालं. मुंबईत गोराईला एस्सेलवर्ल्ड १९८९ साली सुरू झालं. तिथले रोलर कोस्टर तीन दशकं शाळांच्या सहलींचं शिखर होते, आणि २०२२ साली ते उद्यानही लोकांसाठी बंद झालं. तिथे बसलेल्या पिढीच्या बोलण्यात आज जो हळवेपणा येतो तोच ब्रह्मपुरी–नागभीड भागात छोट्या गाडीबद्दल येतो: तीच वळणं, तोच पोटात येणारा गोळा, तेच ‘आता तसं राहिलं नाही’. फरक एवढा, की गोराईच्या गाडीतून माणूस जिथे चढला तिथेच उतरायचा. छोट्या गाडीतून तो वडशाच्या बाजारात, नागपूरच्या दवाखान्यात किंवा मुलीच्या सासरी उतरायचा, आणि गंमत वर फुकट मिळायची.

नव्वदच्या दशकात रेल्वेने ठरवलं की देशभर शक्यतो एकच माप ठेवायचं. १९९२ साली जाफर शरीफ रेल्वेमंत्री असताना या ‘युनिगेज’ धोरणाचा धडाका सुरू झाला, आणि गोंदिया–चांदा फोर्ट मार्ग त्यात आला. यामागे केवळ स्थानिक सोय नव्हती. हा मार्ग रुंद करून बल्लारशाहला जोडला की छत्तीसगड आणि पूर्वेकडून दक्षिणेत जाणाऱ्या गाड्यांना नागपूरची गर्दी टाळून सरळ वाट मिळत होती. टप्प्याटप्प्याने काम झालं. भराव रुंद केले, पूल बदलले, वळणं सरळ केली. वळणं सरळ झाली तिथेच लाईनचा स्वभाव बदलला, असं म्हणायला हरकत नाही. दशक संपेपर्यंत गोंदिया ते बल्लारशाह हा सुमारे अडीचशे किलोमीटरचा मार्ग ब्रॉड गेज झाला होता.

त्या वेळी ब्रह्मपुरीत कोणी अश्रू ढाळल्याचं ऐकिवात नाही, आणि ते बरोबरच होतं. ज्या भागातल्या माणसाला थेट लांबच्या गाडीत बसायला मिळत नव्हतं, ज्याच्या धानाला गोंदियात उतरून पुन्हा चढावं लागत होतं, त्याने छोट्या रुळांचं कौतुक करत बसावं अशी अपेक्षा करणं हा नागपूर-मुंबईकरांचा शौक आहे. हळवेपणा नंतर आला, मोठ्या गाड्यांतून फिरून आल्यावर.

पण अर्धी संस्था अजून शिल्लक होती. नागपूर–नागभीड हा शंभराहून थोड्या जास्त किलोमीटरचा फाटा अडीच फुटीच राहिला. त्यामुळे नागभीड जंक्शनला वीसेक वर्षं एक वेगळंच रूप मिळालं. एका बाजूला बिलासपूर-चेन्नईची लांबलचक गाडी, दुसऱ्या बाजूला गुडघ्याएवढ्या फलाटाला लागलेली छोटी गाडी. ब्रह्मपुरीचा माणूस मोठ्या गाडीने वीसेक किलोमीटर येऊन इथे उतरे आणि नागपूरसाठी छोट्या गाडीत बसे. बसपेक्षा वेळ जास्त लागे. भाडं मात्र इतकं कमी, की भाजीवाल्या, मजूर, शिकायला नागपूरला असलेली पोरं ही गाडी सोडत नसत. भिवापूरच्या मिरच्या, उमरेडचा बाजार, कुहीचा डबेवाला, सगळं त्या अरुंद डब्यात. ब्रह्मपुरी म्हणजे शिक्षणाचं गाव. इथून पुढच्या शिक्षणाला निघालेल्या कितीतरी विद्यार्थ्यांचा नागपूरचा पहिला प्रवास या गाडीतून झाला, ट्रंक पायाशी आणि पुऱ्या-चटणीचा डबा मांडीवर.

या फाट्याचा काही भाग उमरेड-कऱ्हांडला अभयारण्याच्या रानातून जातो. २०१२ साली हे अभयारण्य झालं आणि नागझिऱ्याहून चालत आलेल्या ‘जय’ वाघाने ते गाजवलं. २०१६ साली तो दिसेनासा झाला. छोट्या गाडीचा या रानाला फारसा त्रास नव्हता. मोठी लाईन झाली की काय होतं ते दक्षिणेच्या बाजूला दिसलंच आहे: नोव्हेंबर २०१८ मध्ये चिचपल्ली-जुनोन्याच्या जंगलात चांदा फोर्ट–गोंदिया मार्गावर वाघाचे तीन बछडे गाडीखाली सापडून मेले. म्हणून नागपूर–नागभीड रुंदीकरणाच्या चर्चेत प्राण्यांसाठी भुयारी मार्ग, उंच भराव, वेगमर्यादा हे विषय पुढे आले. ब्रह्मपुरी वनविभागात माणूस आणि वाघ किती जवळ राहतात हे इथल्या वाचकाला सांगायची गरज नाही. रुळावर वाघ यावा आणि गाडीने थांबावं, हे छोट्या गाडीला जमत होतं. तिचा थांबण्याचा पल्लाच लहान होता.

२५ नोव्हेंबर २०१९ रोजी नागपूर–नागभीड छोटी गाडी बंद झाली. रूळ काढून त्याच वाटेने मोठी लाईन घालण्याचं काम महारेल या सरकारी कंपनीकडे आलं. नागपूर–छिंदवाडा मार्ग त्याआधी चार वर्षं, २०१५ साली बंद झाला होता. जबलपूरकडचे छोटे रूळही गेले होते. नागपूरच्या अवतीभवती एके काळी एक हजार किलोमीटरच्या घरात पसरलेलं अडीच फुटी जाळं इतिहासजमा झालं.

दार्जिलिंग, निलगिरी, काल्का–सिमला या डोंगरी गाड्यांना युनेस्कोने जागतिक वारसा म्हणून मान्यता दिली. माथेरानची १९०७ ची दोन फुटी गाडी थंड हवेच्या जोरावर तगून आहे. मग नागभीडचीच का गेली, असा प्रश्न विदर्भात अधूनमधून विचारला जातो. उत्तर कडू आहे पण सरळ आहे. त्या गाड्या डोंगर चढतात आणि हवा खायला जाणाऱ्यांना नेतात. तिथे मोठी लाईन घालणं शक्यच नव्हतं. इथे सपाट मुलूख, खाली कोळसा, वर धान, आणि उन्हाळ्यात पारा ४६–४७ अंशांवर. मॉक चंकच्या कंपनीला कोळशासाठी दुसरी वाट मिळाली म्हणून जुनी वाट मोकळी राहिली. नागभीडच्या वाटेवर मोठ्या लाईनलाच यायचं होतं. पर्यटक गाडीसाठी भिवापूर–नागभीडमधला एखादा तुकडा राखून ठेवावा असं म्हणणं सोपं आहे. त्या तुकड्यावर रोज कामाला जाणाऱ्यांना ते समजावणं अवघड गेलं असतं.

जपणूक झाली ती नागपूरला. मोतीबागेत १४ डिसेंबर २००२ रोजी नॅरो गेज रेल्वे संग्रहालय सुरू झालं. जुनी इंजिनं, डबे, सिग्नल, कंदील, घंटा आणि कागदपत्रं तिथे आहेत. आवारात मुलांसाठी एक छोटी गाडी फिरते, आणि तिच्यात मुलांपेक्षा आजी-आजोबाच जास्त उत्साहाने बसतात. ब्रह्मपुरी-वडशाकडची सहल नागपूरला गेली तर दीक्षाभूमी आणि महाराजबागेबरोबर तासभर इथेही द्यावा.

या पट्ट्याचं रेल्वेचं काम मात्र थांबलेलं नाही. वडसा ते गडचिरोली नवी लाईन घालण्याचं काम हाती घेतलेलं आहे, आणि ती झाली की गडचिरोली गावाला पहिल्यांदा स्टेशन मिळेल. १९०८ साली वडशाला जे झालं ते गडचिरोलीला होण्यास शतकाहून जास्त काळ लागला, यावरून छोटी लाईन घालणाऱ्या कंपनीने त्या काळी केवढी मजल मारली होती हेही कळतं.

छोट्या लाईनचा इतिहास आज लिहायचा तर साधनं थोडी आहेत. कंपनीचे अहवाल आणि गॅझेटिअर यांत भाडं, माल आणि मैल सापडतात. डब्यातली माणसं सापडत नाहीत. जाड पुठ्ठ्याची तारीख ठोकलेली तिकिटं, मासिक पास, छापील वेळापत्रकं, स्टेशनवर काढलेले लग्नाच्या वऱ्हाडाचे फोटो, गँगमन किंवा फाटकवाल्याच्या घरात राहून गेलेला एखादा कंदील, असं काही ब्रह्मपुरी, नागभीड, वडसा, मूल या गावांतल्या पेट्यांमध्ये नक्कीच आहे. ते रद्दीत घालण्याआधी त्यामागे गाव, साल आणि कोणाचं ते लिहून ठेवावं, आणि शक्य असेल त्यांनी त्याची एक प्रत मोतीबागेच्या संग्रहालयाला द्यावी.